सकाळी आठचे रक्त
(वेदमूर्ती देवव्रत रेखे यांना खुले पत्र)

वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे यांसी,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे वय एकोणीस, माझे अडुसष्ट. वयाचा हिशेब धरला तर मी तुम्हांला अनेक उत्तम आशीर्वाद लिहायला हवेत. पण काशीत आमच्या घरी एक रीत होती. संथा घेणारा मुलगा आठ वर्षांचा असला तरी तो आसनावर बसून म्हणू लागला, की आजी हातातले काम टाकून उभी राहायची. ती रीत अंगात मुरली आहे, म्हणून नमस्कारच लिहिते.

मी मूळची ब्रह्माघाटाकडची. तिथल्या मराठी वाड्यांतल्या एका वाड्यात माझे लहानपण गेले. लग्न होऊन पुण्याला आले आणि पुढे तीस वर्षे प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तातली संप्रेरके मोजत राहिले. वेदांचे मला काही कळत नाही. रक्ताचे थोडे कळते, आणि त्याबद्दलच तुम्हांला लिहायचे आहे. हे खासगीत लिहिले असते तर बरे दिसले असते, याची मला जाणीव आहे. पण जे सांगायचे आहे ते तुमच्याइतकेच तुमच्यावर प्रेम करणाऱ्या लोकांपर्यंत जायला हवे, म्हणून उघड लिहिते.

२०२५ च्या २ ऑक्टोबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंतच्या काळात रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात तुम्ही शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केलेत. सुमारे २००० मंत्र, पन्नास दिवस, अखंड, समोर पोथी नाही. अहिल्यानगरच्या मुलाने हे केले याचा आनंद महाराष्ट्रात घरोघरी झाला. पंतप्रधानांनी अभिनंदन केले. आमच्या नात्यातल्या मोबाइल गटांवर तर आठवडाभर दुसरे काही नव्हते. मी बातमी वाचली तेव्हा डोळ्यांपुढे आल्या त्या रामघाटाच्या उंच पायऱ्या. शेजारच्या मेहता घाटावर रुग्णालय आहे, त्यालाही वल्लभराम शालिग्राम मेहता यांचेच नाव. तो भाग पूर्वी रामघाटाचाच होता. एकाच नावाखाली इकडे वेदशाळा आणि तिकडे दवाखाना, भिंतीला भिंत लागावी इतके जवळ. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. आता या पत्रासाठी तीच जागा योग्य वाटते.

अभिनंदनाच्या त्या लाटेतच दुसऱ्या प्रकारचे संदेश येऊ लागले. ‘मंत्रपठणाने कॉर्टिसॉल उतरते.’ ‘तुमच्या मुलाच्या ताणाची पातळी किती? सकाळी रक्त द्या, संध्याकाळी कळेल.’ खाली तपासणीच्या पॅकेजचा भाव, आणि कुठे कुठे वर तुमचा आसनावर बसलेला फोटो. तुमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पण तुमच्या नावाचा आधार घेऊन एक चुकीची समजूत घरात शिरते आहे, आणि ती काढायची तर तुमच्याइतका उपयोगी माणूस आज दुसरा नाही. का, ते सांगते.

आधी हे कॉर्टिसॉल काय आहे ते. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या थरात कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल तयार होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘ताणाचे संप्रेरक’ असे नाव देऊन टाकले आहे. ते खोटे नाही, पण फार अपुरे आहे. उपाशी असताना रक्तातली साखर राखणे, रक्तदाब टिकवणे, शरीरातला दाह आवरणे, ही त्याची रोजची कामे. ताण आला की ते वाढते, कारण त्या वेळी ही सगळी कामे जास्त लागतात. ज्याच्या अंगात कॉर्टिसॉल नाही तो माणूस काही शांत, प्रसन्न होत नाही. तो अंथरुणातून उठू शकत नाही.

आणि या संप्रेरकाला वेळ आहे. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. पहाटे दोन-तीनपासून चढू लागते. जाग येण्याच्या सुमारास भरतीला येते, आणि डोळे उघडल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी मारते. मग दिवसभर ओहोटी. संध्याकाळपर्यंत सकाळच्या निम्म्याच्याही खाली. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका आहे. तो हे घड्याळ चालवतो, आणि त्याला रोज किल्ली देतो तो उजेड. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणून सगळे घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत. पलीकडे वाळूचा पट्टा, मध्ये आडवे काही नाही. उगवते ऊन थेट पायऱ्यांवर पडते. पहाटे उठून घाटावर जाणाऱ्या माणसांच्या घड्याळाला अशी लख्ख किल्ली रोज मिळते.

आता तुमच्या विषयाकडे येते, धाडस करून. दंडक्रमात पदे पुढे जातात आणि उलटी फिरतात, इतके मला आजोबांनी समजावले होते. पहिले, दुसरे, तिसरे असे पुढे जायचे, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर परत यायचे. मग चौथे पद जोडून पुन्हा तेच. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन या आठ विकृतींची नावे मला अजून पाठ आहेत, कारण झोपताना ती म्हणायला लावत. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना कॉर्टिसॉलची साखळी शिकवताना मी कितीदा मनात दंडाची आठवण काढली असेल! मेंदूतला हायपोथॅलॅमस हे पहिले पद. तो पीयूषिका ग्रंथीला हाक देतो, ते दुसरे. पीयूषिका एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथीला हाक देते, ते तिसरे. अधिवृक्क कॉर्टिसॉल सोडते, आणि ते कॉर्टिसॉल उलटे फिरते. पीयूषिकेला सांगते, पुरे; हायपोथॅलॅमसला सांगते, पुरे. हाका थांबतात, कॉर्टिसॉल उतरते, ते उतरले की पुन्हा पहिल्यापासून. पुढे आणि मागे, दिवसरात्र. ऋषींना अंतःस्रावी ग्रंथी ठाऊक होत्या असे मी मुळीच म्हणत नाही, आणि कोणी म्हणाले तर तुम्हीही मान डोलावू नका. मला एवढेच म्हणायचे आहे, की ज्याने क्रमाची किंमत जाणली त्याला ही गोष्ट दुसऱ्या कोणापेक्षाही लवकर कळेल. वेदातले एक पद क्रमातून उपटून हातात दिले, तर मंत्रात त्याचा स्वर कसा लागेल हे नेमके सांगता येत नाही. कॉर्टिसॉलचा एक आकडा वेळेतून उपटून दिला तर त्याचेही तसेच होते.

सकाळी आठच्या सुमाराचे रक्त मागतात ते यासाठी. सर्वसाधारणपणे सकाळी ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ठीक समजतात. प्रयोगशाळेच्या यंत्राप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून दोन लॅबचे अहवाल शेजारी ठेवून भांडत बसू नये. काही अहवालांत नॅनोमोल हे एकक असते. एक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. माझ्या अनुभवात निम्म्या घाबरलेल्या फोनांचे मूळ या एककात निघायचे.

माझ्या एका भाच्याचा मुलगा लातूरला शिकवणीला आहे. सतरा वर्षांचा. वर्षभर पहाटे पाचला उठणे, रात्री बारापर्यंत वाचणे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे ओझे. तो गप्प राहू लागला, जेवण कमी झाले. आईने वर सांगितलेल्या संदेशांपैकी एक वाचला आणि मुलाला तपासणीला नेले, शिकवणी सुटल्यावर, दुपारी साडेचारला. आकडा आला ५.४. अहवालावर सकाळची मर्यादा छापलेली. खालच्या टोकाला टेकलेला तो आकडा पाहून कोणीतरी सांगितले, ग्रंथी थकल्या आहेत, ताणाने पोखरून टाकल्या आहेत. महिनाभराच्या चूर्णाचे पैसे घेतले. दुपारी साडेचारला ५.४ हा अगदी निरोगी आकडा आहे! त्या वेळी ओहोटीच असते. ज्या मुलाला झोप, कोणाशी तरी मोकळे बोलणे आणि कदाचित समुपदेशकाची गरज होती, त्याला आपल्या पोटात काहीतरी झिजले आहे अशी भीती मिळाली. मला ते कळले तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. मी त्याला फोनवर हे भरती-ओहोटीचे सगळे सांगितले, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी आतून संपलो नाहीये ना, आजी?”

हा प्रश्न मला विसरता येत नाही.

‘ग्रंथींचा थकवा’ हे निदान १९९८ मध्ये एका अमेरिकी लेखकाने रूढ केले. अंतःस्रावी विज्ञानात त्याला आधार नाही. २०१६ मध्ये दोन ब्राझीली संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास तपासले आणि निबंधाच्या नावातच निकाल देऊन टाकला, की अशी व्याधी अस्तित्वात नाही. थकवा खरा असतो, तो कोणी नाकारत नाही. पण तो अधिवृक्क ग्रंथीतून येत नाही. त्याचे कारण झोपेत, रक्ताच्या कमतरतेत, थायरॉइडमध्ये, मनात शोधावे लागते. दैनंदिन ताण मोजायला सकाळचे कॉर्टिसॉल हे मापच नव्हे. सुईच्या भीतीने ते वाढते, आदल्या रात्रीच्या जागरणाने बिघडते, रात्रपाळी करणाऱ्याचे सगळे घड्याळच सरकलेले असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर बाईच्या रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढलेले असते, म्हणून तिचा आकडा मोठा दिसतो आणि तिला काही झालेले नसते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांना फसवतात. इतकेच काय, कॉर्टिसॉल फार वाढण्याचा जो खरा रोग आहे, कुशिंगचा, तोही सकाळच्या साध्या तपासणीने ठरवत नाहीत. त्यासाठी रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त, असे मार्ग आहेत.

मग ही तपासणी कशासाठी आहे? भरती येते की नाही ते पाहण्यासाठी. जी वेळ सर्वांत जास्त असण्याची, त्या वेळी जर ते नसेल, तर ग्रंथी खरोखर गप्प आहे.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. घरात कळले ते माझ्या आत्यामुळे.

आत्या अजून काशीत राहते. एकाहत्तर वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. गुडघे फार दुखायचे, वाड्याचे जिने उतरवेनात, घाट सुटला. शेजारणीने एका ठिकाणच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर नाव नाही, आत काय ते लिहिलेले नाही. जडीबुटी म्हणून सांगितले. चौथ्या दिवशी आत्या जिना उतरून दर्शनाला गेली! सहा वर्षे तिने त्या पुड्या घेतल्या. चेहरा गोल झाला, गालांवर लाली आली, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली. हातांची कातडी मात्र कागदासारखी पातळ झाली होती आणि नुसते पलंगाला लागले तरी काळेनिळे डाग पडायचे. ते म्हातारपण, असे आम्ही धरले. आम्ही म्हणजे मीसुद्धा. मी दर दिवाळीला जात होते, ते डाग पाहत होते, आणि माझ्या हे ध्यानात आले नाही. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेले नाही.

मग एका चातुर्मासात तिने नेम धरला. एकभुक्त राहायचे आणि औषध म्हणून काही घ्यायचे नाही. पुड्या बंद. पाचव्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी ती उठेना. शेजारी म्हणाले उपासाची चक्कर आहे, साखरपाणी द्या. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब ऐंशीवर पन्नास, रक्तातले सोडियम १२२. पहाटेची वेळ होती. पाळीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटेसुलटे करून ते डाग पाहिले आणि एकच विचारले, “कोणती पुडी घेत होतात का?” त्यांनी लगेच कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवले आणि अहवालाची वाट न पाहता शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातले कॉर्टिसॉलच, शिरेतून दिले. दुपारी आत्या उठून बसली. संध्याकाळी अहवाल आला: १.६.

तीनच्या खाली आकडा म्हणजे ग्रंथी काम करत नाही याची जवळजवळ खात्री. पंधरा-अठराच्या वर असेल तर ती ठीक आहे असे मानायला हरकत नाही. मधल्या आकड्यांना एसीटीएचचे इंजेक्शन देऊन, ग्रंथी हाकेला ओ देते का ते पाहावे लागते. आत्याच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती.

काय झाले होते ते तुम्हांला दंडक्रमाच्या भाषेत सांगते. त्या पुडीत, सगळ्या लक्षणांवरून, स्टेरॉइड होते. प्रेडनिसोलोन असेल, डेक्सामेथासोन असेल. प्रेडनिसोलोनची पाच मिलिग्रॅमची इवलीशी गोळी वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीची असते, म्हणजे शरीर दिवसभरात जेवढे करते त्याहून जास्त. बाहेरून आलेले हे स्टेरॉइड तिसऱ्या पदाच्या जागी बसते आणि दुसऱ्याला, पहिल्याला ‘पुरे, पुरे’ सांगत राहते. सहा वर्षे ऐकल्यावर पहिले पद म्हणायचे विसरते, दुसरे विसरते, आणि हाकच न आल्यामुळे तिसरी ग्रंथी आक्रसून जाते. मग एके दिवशी बाहेरचा आवाज अचानक बंद केला, की आतून म्हणणारे कोणी उरलेले नसते.

ते औषध वाईट आहे असे समजू नका. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. केंडल, राइशस्टाइन आणि हेंच या तिघांना त्यासाठी १९५० चे नोबेल मिळाले. आज दम्याची, मूत्रपिंडाची, सांध्यांची किती माणसे या औषधावर जगत आहेत. जीव घेणारी गोष्ट वेगळीच आहे: नाव नसलेली पुडी, आणि अचानक सोडणे. काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी, दम्याच्या झटक्याच्या वेळची उरलेली पट्टी, रंग उजळण्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे तोंडाला लावलेले मलम, गुडघ्यात वारंवार घेतलेली इंजेक्शने, सगळ्यांत हेच असू शकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. पण नाव नसलेल्या पुडीला कोणती यादी लागू होणार?

ग्रंथी गप्प होण्याचे आपल्याकडे आणखी एक जुने कारण आहे, क्षय. थॉमस ॲडिसन या लंडनच्या डॉक्टरांनी १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा रोग लिहून ठेवला. त्यांनी पाहिलेल्या रोग्यांपैकी कित्येकांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. पश्चिमेत ते कारण मागे पडले, आपल्याकडे अजून पडलेले नाही. या रोगात कातडी काळवंडते, विशेषतः हाताच्या रेषा आणि हिरड्या, मीठ खावेसे वाटते, वजन उतरते. असा माणूस दिसला तर त्याचे सकाळचे रक्त जरूर पाहावे.

आत्याला परत उभे करायला चौदा महिने लागले. रोज सकाळी हायड्रोकॉर्टिसोनचा मोठा भाग, दुपारी छोटा, आणि तोही इंचाइंचाने कमी. ताप आला तर मात्रा दुप्पट. दर काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी पुढे ढकलून सकाळी आठला रक्त. १.६ चे ४.२ झाले, मग तीन महिने हललेच नाही. मग ७.८. शेवटी ११. त्या वेळी दहाच्या वर आले म्हणजे ग्रंथी जागी झाली, असे धरून औषध थांबवले. पुण्यात बसून मी तिच्या आकड्यांची जितकी वाट पाहिली, तितकी नोकरीच्या तीस वर्षांत कोणत्याही आकड्याची पाहिली नव्हती.

आता मंत्र, स्मरण आणि कॉर्टिसॉल यांबद्दल जे खरे आहे तेही सांगायला हवे, नाहीतर मी नुसतीच नकार देणारी म्हातारी ठरेन. २०१६ मध्ये एका अभ्यासात भारतातल्या एकवीस वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे एकवीस इतरांशी ताडून पाहिली. पंडितांच्या मेंदूत भाषा आणि स्मरण यांच्याशी जोडलेले काही भाग भरीव दिसले, त्यांत उजवा हिप्पोकॅम्पसही होता. पाठांतराने तसे झाले, की तसे असलेलेच या वाटेला टिकले, हे एका वेळच्या छायाचित्राने कळत नाही. पण याच हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारी स्थाने दाट आहेत. कुशिंगच्या रोग्यांत हा भाग आक्रसतो आणि उपचारांनी काहीसा परत भरतो. थोडे कॉर्टिसॉल नवे शिकलेले पक्के करायला मदत करते. मात्र आठवायच्या वेळी ते फार चढले तर शिकलेले ओठांवर येत नाही. परीक्षेत पाटी कोरी होणारी मुले आळशी नसतात, त्यांच्याकडे पाठांतर असते आणि त्या घटकेला वाट सापडत नाही. तुमच्या गुरुजनांनी आवृत्तीवर आवृत्ती घडवली, पोथी दूर ठेवूनच म्हणायला लावले, चुकले तिथून मागे नेले. म्हणजे आठवण्याचाच सराव दिला. पारायणाच्या दिवसांत तुमच्या रक्तात कॉर्टिसॉल किती होते ते मला ठाऊक नाही, आणि ते कोणी मोजू नये असेच मला वाटते. त्या आकड्याने तुमच्या परिश्रमात एक मात्राही वाढणार नाही.

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे.

तुम्हांला आता सभांना बोलावतील. समोर शाळा-शिकवण्यांतली मुले आणि त्यांचे पालक असतील. कोणी विचारेल, मंत्राने ताणाचे संप्रेरक उतरते ना? तुम्ही आग्रहाने सांगा, की मी दिवस किती वाजता सुरू करतो, किती झोपतो, किती वर्षे आवृत्त्या केल्या आणि कोणी माझ्या चुका न रागावता सुधारल्या, ते विचारा. मुलाच्या रक्ताच्या आकड्यावरून त्याचे मन वाचू नका. त्याला विचारा.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. तुमच्या पाया पडायला म्हातारी माणसे येतील. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली, महिनाभर काशीवासाला राहिलेली, पंचक्रोशीला निघालेली, नेम धरलेली. त्यांतली कितीतरी घरून निघताना औषधे सोडून येतात. तीर्थाला चाललो, आता गोळ्या कशाला, असे म्हणून. मधुमेहाचे सोडतात, रक्तदाबाचे सोडतात, आणि नकळत ही पुडीही सोडतात. डॉक्टर ओरडून सांगतो ते ती ऐकत नाहीत, मी तीस वर्षे पाहिले आहे. तुमच्या तोंडून आलेले ती ऐकतील. औषध चालू ठेवल्याने व्रत मोडत नाही, हे तुम्ही सांगितलेत तर त्यांचा जीव निश्चिंत होईल. आणि पुडी घेत असाल तर आपल्या मनाने थांबवू नका, शेजारच्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना ती दाखवा, असेही सांगा. रामघाटावरून तिथे जायला किती वेळ लागतो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

माघात मी काशीला येणार आहे. आत्याने आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतातच, काठी घेऊन चालते, पिशवीत एक कार्ड ठेवते. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे, की हिने सहा वर्षे स्टेरॉइड घेतले होते, तेव्हा ही कोसळली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या. तिला तुमच्या मुखातून थोडे ऐकायचे आहे. आम्ही सकाळी येऊ. ती नमस्काराला वाकेल तेव्हा तिला आशीर्वाद द्यायच्या आधी मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असे विचारा, “आजी, औषध घेऊन आलात ना?”

कळावे, लोभ असावा.

आपली,
ब्रह्माघाटाची एक माहेरवाशीण
पुणे